ह्यांचे लाव्हे

ह्यांनी पाखरं आणली ती पंपाच्या खोक्यातून. खोक्याला पेनानं भोकं पाडली होती आणि आत काहीतरी हलकं, मऊ इकडून तिकडे पळत होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. हे चपला काढत म्हणाले, "घाबरू नको. चावत न्हाईत."

मी घाबरले नव्हते. पण मला पटकन बोलायला येत नाही. माझं माहेर सीमेकडचं. घरात कानडी, शाळा मराठी, आणि ती शाळाही चौथीनंतर सुटली. बोलायच्या आधी मी शब्द मनात जुळवते, तोवर समोरचं माणूस दुसऱ्या विषयावर गेलेलं असतं. ह्यांना ते माहीत होतं. ते थांबायचे. त्या दिवशीही खोकं खाली ठेवून थांबले, तेव्हा मी विचारलं, "किती हायत?"

"जोडी हाय."

आमचं राजारामपुरीत मोटारपंपांच्या सुट्या भागांचं लहानसं दुकान होतं. गिऱ्हाईक बरंचसं शिरोळकडचं. त्यातल्या एका शेतकऱ्यानं घरामागे लाव्हे पाळले होते. हे त्याच्या पंपाचं काम बघायला गेले आणि काम झाल्यावर पिंजऱ्यापुढे उकिडवे बसून राहिले. निघताना त्यानं एक नर आणि एक मादी खोक्यात घालून दिली. "पावणं, तुमचा जीव हितंच अडकलाय, घेऊन जावा," म्हणाला म्हणे.

अत्ती तेवढ्यात बाहेर आल्या. अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. कानडी वळणानं मी त्यांना अत्तीच म्हणते, आणि हे त्यांना अव्वा म्हणायचे. त्यांनी खोक्याकडे बघितलं.

"काय त्ये?"

"लाव्हं हायत, अव्वा."

"रानातली?"

"न्हाय. रानातली धरायला बंदी हाय. ही जपानी. घरात पाळायची."

"जपानी? मग खात्यात काय?"

"आपलंच की. राळं, बाजरी, कण्या."

"आन घालत्यात काय?"

हे खोक्याचं झाकण नीट करत बसले. अत्ती म्हणाल्या, "शिवा शिवा. कामावरनं अंडी घेऊन आला माझा ल्योक."

आम्ही शैव. आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. ताटात तर नाहीच, पण पिशवीतून, परसातून, कुणाच्या हातून, कसंही नाही. अत्तींचं सकाळचं लिंगपूजन झाल्याशिवाय चूल पेटत नाही. गळ्यातल्या चांदीच्या डबीत लिंग असतं, ते दीक्षेपासून कधी अंगावेगळं झालेलं नाही. तशा घरात ही जोडी आली.

पाखरं मागच्या पडवीत राहिली. ह्यांनी जाळीचा पिंजरा केला, खाली वाळू पसरली. पाखरं मुठीत मावतील एवढी, शेपूट जवळजवळ नाहीच. नराच्या छातीवर विटकरी रंग, मादीच्या छातीवर ठिपके. राखेत लोळायला त्यांना फार आवडायचं. आम्ही संध्याकाळी दोघं पडवीत बसून ते बघायचो. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघं काही न करता एके ठिकाणी बसलोय असं त्याआधी फारसं झालं नव्हतं.

थोड्या दिवसांनी मादीनं वाळूत अंडं घातलं. पांढुरक्या अंड्यावर काथाचे शिंतोडे उडवल्यासारखे डाग. हे मला हाक मारून घेऊन गेले. अत्ती पण मागून आल्या आणि लांबूनच बघून त्यांनी कायदा सांगितला. अंडं स्वयंपाकघरात यायचं नाही. घरातल्या भांड्याला लागायचं नाही. उचलायचं ते करवंटीत, आणि सरळ शेजारी द्यायचं.

शेजारी म्हणजे अक्काच्या घरी. त्यांचं घर शेतकऱ्याचं, परड्यात कोंबड्या, आणि त्यांच्यात अंडी चालतात. अक्काचा आवाज मोठा. पहिल्या दिवशी मी करवंटी कुंपणावरून पुढे केली तर ती म्हणाली, "अगं बाई, शैवांच्यातनं अंडी यायला लागली. आता तुमच्याकडं जेवायलाच येते." मी हसले आणि घरात पळाले. नंतर मी अंडी परसातल्या नळाखाली धुऊन करवंटी कुंपणाच्या खांबावर ठेवायची आणि यायची. ती रिकामी करून परत ठेवायची. महिनेच्या महिने आमचं देणंघेणं असं करवंटीतून, बिनबोलता चाललं.

ह्यांच्या डोक्यात पिल्लं काढायचं आलं. ही पाखरं आपल्या अंड्यांवर बसत नाहीत. किती पिढ्या पिंजऱ्यात राहून ती बसायचं विसरली आहेत, असं त्या शिरोळच्या माणसानं सांगितलं होतं. ऊब आपण द्यायची. ह्यांनी औषधाच्या दुकानातून थर्माकोलचा डबा आणला. त्यात बल्ब बसवला, ऊब जास्त झाली की आपोआप बंद होईल असं बटण जोडलं, आत वाटीत पाणी ठेवलं, झाकणाला काच लावली. डबा तयार झाला, पण पडवीत गार वारा आणि मुंग्या. डबा घरात ठेवायला हवा होता, आणि त्याला अत्तींची परवानगी हवी होती.

हे दोन दिवस त्यांच्या मागे होते. "अव्वा, खायला न्हाय. जीव जन्माला घालायला. ह्यात काय पाप?"

अत्ती शेवटी म्हणाल्या, "आण. पर धुऊन आण. तसलं पाखरांच्या घाणीचं माझ्या माजघरात न्हाय आणायचं."

त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे बाहेरून येणारी भाजी, दुधाची पिशवी, दळणाचा डबा, सगळं धुऊन किंवा पुसून आत येतं. मी अंडी कोमट पाण्यात हळद घालून धुतली. चिंध्यांनी हलक्या हातानं चोळली. एकेक अंडं असं चकचकीत झालं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. अत्तींनी वास घेऊन बघितलं आणि मान हलवली.

पिल्लं निघाली नाहीत. दिवस भरले, वर चार दिवस गेले, डब्यातून वास यायला लागला. ह्यांनी अंडी परसात पुरली. म्हणाले, "बल्ब कमी पडला." मोठा बल्ब लावून दुसऱ्या बारीला पुन्हा मांडली. मी पुन्हा धुतली, या वेळी अजून मनापासून. तीही गेली. हे पुरून आले, हात धुतले आणि म्हणाले, "पुढच्या बारीला बटणच नवीन घालतो."

पुढची बारी आली नाही. एका सकाळी दुकानाचं शटर वर करताना त्यांच्या छातीत कळ आली. शेजारच्या दुकानवाल्यांनी रिक्षात घातलं. दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता, पण तिथवर काही उरलं नव्हतं.

त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. मुलगी हुबळीहून आली, राहिली, गेली. दुकान दुसऱ्याला चालवायला दिलं. घरात आम्ही दोघी राहिलो आणि पडवीत ती दोन पाखरं.

अत्तींनी जेवण सोडल्यासारखंच केलं. ताट समोर ठेवलं की भाकरीचा कोपरा मोडायच्या, ताकात बुडवायच्या आणि ताट सरकवायच्या. ह्यांचं नाव काढायच्या नाहीत. मीही काढायची नाही. डॉक्टर घरी येऊन गेले, ताकदीच्या गोळ्या दिल्या, म्हणाले खायला घाला. कसं घालायचं ते सांगितलं नाही.

मग एका सकाळी मी उठले तर अत्ती अंथरुणात नव्हत्या. पडवीत स्टुलावर बसल्या होत्या. मुठीत राळे होते आणि जाळीतून एकेक दाणा सोडत होत्या. नर दाणा उचलायचा, चोचीत धरायचा, स्वतः खायचा नाही, मादीला हाक मारून पुढे ठेवायचा. अत्ती मला न बघता म्हणाल्या, "बघ की. बायकोला आदी देतंय."

त्या दिवसापासून मी त्यांचं ताट पडवीत न्यायला लागले. पाखरं खात असली की त्याही खायच्या. पूर्ण भाकरी नाही, पण अर्धी व्हायची. मला तेवढं पुरेसं होतं. ज्या पाखरांना त्यांनी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, त्यांच्यासाठी त्या रोज पूजा झाल्या झाल्या उंबरा ओलांडून जायच्या. मी मनात धरून चालले होते की पाखरं आहेत तोवर अत्ती आहेत. असं कुणाला बोलून दाखवण्यासारखं नव्हतं, पण मला तसंच वाटायचं.

थंडीचे दिवस होते. कुणीतरी निवडून आलं होतं. आमच्या गल्लीतून मिरवणूक गेली. गुलाल, ढोल, मोठमोठ्या आवाजाची गाडी, आणि आमच्या भिंतीला लागूनच कुणी फटाक्यांची लांब माळ लावली. लाव्हे घाबरले की पळत नाहीत, सरळ वर उडतात, बाणासारखे. मी धावत पडवीत गेले तोवर नर वाळूत पडला होता. डोकं जाळीच्या गजावर आपटलं होतं. मी उचलला तेव्हा अजून ऊन होता. मादी कोपऱ्यात पंख फुगवून बसली होती.

अत्ती दारात आल्या. माझ्या हातात बघितलं आणि परत फिरल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही पडवीत आल्या नाहीत. मी ताट खाटेपाशी नेलं तर भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "ती एकटी कशाला ठेवलीस? देऊन टाक कुणाला तरी."

मी दिली नाही. पण काय करावं तेही कळेना. मादी हाक मारायची, बारीक, पुन्हापुन्हा, आणि मग अंडं घालायची.

नर गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी अंडं न धुताच करवंटी घेऊन कुंपणाशी गेले, तर अक्का तिथंच कोंबड्यांना टाकत उभी होती. मला मागे फिरता आलं नाही. ती म्हणाली, "तुमचं पाखरू गेलं म्हणं. आमच्यातली पोरं सांगत हुती. आत्याबाई कशा हायत?"

मी म्हटलं, "जेवत न्हाईत."

मला वाटतं मी अक्काशी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य असेल. तिनं दाण्याचं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "मग ह्यातनं पिल्लं काढ की गं. नर गेला तरी आठवडाभर अंड्यात जीव असतोय. कोंबडीचंबी तसंच आसतंय."

"निघत न्हाईत. दोन बारी केलं. ह्यांनी."

"का न्हाईत? कशी ठेवली हुती?"

मी सगळं सांगितलं. डबा, बल्ब, बटण, वाटीत पाणी. ती ऐकत होती आणि मान हलवत होती, सगळं बरोबर आहे अशी. मग मी म्हटलं, "आन आत घ्यायच्या आदी हळदीच्या पाण्यात धुतली. चांगली चोळून."

अक्का माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा पदर तोंडावर गेला. "अगं माझ्या बाई. अंडं धुत्यात व्हय? त्याच्या अंगावर नाजूक साय असती. दिसत न्हाई, पर असती. ती गेली की आत घाण शिरती आन त्ये मरतंय." मग हसू आवरून म्हणाली, "मला वाटायचं, तुमी मला देताय म्हणून घासूनपुसून देताय. किती मान देत्यात म्हणून मी घरात सांगायची."

मला हसू पण आलं आणि रडू पण आलं. मी विचारलं, "तुझी कोंबडी बसवशील?"

"आत्ता एकबी खुडूक हून बसल्याली न्हाय. आन असती तरी तिच्या वजनाखाली ही बारकी अंडी फुटली असती. तुझा डबाच बरा. ही करवंटी घेऊन जा माघारी. धुऊ नको, पुसू नको. रोज घालंल ते साठव, आठवडा झाला की मांड."

मी करवंटी माघारी आणली. आता अत्तींना सांगायचं होतं. न धुतलेलं अंडं माजघरात आणायचं, हे तर सांगायचंच, आणि का ते सांगायचं म्हणजे ह्यांच्या दोन्ही बाऱ्या कशानं गेल्या तेही सांगणं आलं. मी भांडी घासताना वाक्य जुळवलं. केर काढताना पुन्हा जुळवलं. शेवटी खाटेच्या पायाशी बसून एका दमात सांगून टाकलं, की अक्का म्हणते धुण्यानंच मरतात.

अत्तींनी कूस बदलून माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, "दोन्ही बाऱ्या?"

"व्हय."

"बल्ब न्हवता मग."

"न्हाय."

"त्यो आपला बल्ब बदलत बसला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "आन मी वास घेऊन बघत हुते."

मी म्हटलं, "धुतली तर मीच."

"तू माझं ऐकलंस. तू कदी ऐकलं न्हाईस असं झालंय व्हय?" त्या उठून बसल्या. माजघरभर नजर फिरवली आणि खाटेच्या उशाशी बोट दाखवलं. "डबा हितं मांड. बटणाची जागा हितं हाय. आन तशीच आण, कशी हायत तशी."

आठवडाभरात सहा अंडी जमली. थंडीत रोज घालत नाही. डब्यात जुनाच बल्ब होता. मांडायच्या दिवशी मी अत्तींना सांगितलं की अंडी दिवसातून तीनदा उलटायची असतात, नाहीतर पिल्लू एका बाजूला चिकटतं, आणि कुठलं उलटलं ते कळायला एका बाजूला खूण लागते. पेन्सिल शोधायला मी उठले, तर त्या म्हणाल्या, "थांब."

त्यांची पूजा नुकतीच झाली होती. पाटावर भस्माची वडी होती. त्यांनी तीन बोटं कोरड्या भस्मावर घासली आणि एकेका अंड्यावर तीन आडव्या रेघा ओढल्या. जशा रोज स्वतःच्या कपाळावर ओढतात तशाच, फक्त फार बारीक. शेवटचं अंडं बोटात धरून म्हणाल्या, "झालं. आता शैव झाली. आता कुणी काय म्हणायचं न्हाय."

अक्काला कुंपणावरून हे सांगितलं तर ती म्हणाली, "आता पिल्लं निघाली की माळबी घालाल गळ्यात."

सकाळी भस्म वर असायचं, दुपारी खाली, संध्याकाळी वर. रेघा पुसट झाल्या की अत्ती पूजेनंतर पुन्हा ओढायच्या. डबा उशाशी असल्यामुळे त्या कूस बदलून काचेतून बघत पडायच्या. जेवण फारसं वाढलं नव्हतं, पण भिंतीकडे तोंड करणं थांबलं होतं. मादीचा पिंजराही मी थंडीचं निमित्त करून आत आणला. त्यांनी तो ठेवू दिला.

दिवस निम्म्याच्या पुढे सरले असतील. दुपारी जेवणं झाल्यावर रस्त्यावर मोठा आवाज झाला आणि वीज गेली. डीपी जळाली म्हणून गल्लीत ओरडा झाला. अक्कानं तिच्या मुलाला विचारायला पाठवलं तर संध्याकाळ होईल म्हणाले. मी डब्यावर गोधडी टाकली. गरम पाण्याची पिशवी आत ठेवली. ती गार झाली की पुन्हा पाणी तापवायचं, भरायचं, आणि तेवढ्यात डबा उघडल्यानं उरलीसुरली ऊब जायची. डब्यातल्या तापमापकातली रेघ खाली खाली यायला लागली. मी नुसती चुलीपासून डब्यापर्यंत येरझाऱ्या घालत होते.

अत्ती म्हणाल्या, "आण हिकडं."

"काय?"

"अंडी. किती खेपा घालशील? आण, माझ्या पोटावर ठेव. माणसाचं अंग गार पडत न्हाई."

मी त्यांच्या गळ्यातल्या डबीकडे बघितलं. माझ्या मनात काय आलं ते त्यांना कळलं. त्यांनी चांदीची डबी हातानं वर सरकवली, छातीशी नीट ठेवली आणि पदर मधे घेतला. "लिंग हितं हाय. अंडी तितं, खाली. मधे येवढा पदर हाय. दोघांची गाठ पडत न्हाई." मग म्हणाल्या, "आन पडली तरी बघू."

मी मऊ धोतराच्या चिंधीत सहा अंडी गुंडाळली. धोतर ह्यांचंच, जुनं. अत्ती उताण्या झोपल्या. मी चिंधी त्यांच्या पोटावर ठेवली, वरून लुगडं, वरून गोधडी. त्यांचं पोट आता अगदी खोल गेलेलं, त्या खळग्यात अंडी बरोबर बसली. दोन्ही हात त्यांनी वर धरले, दाबून नाही, नुसते कडेनं.

"खोकला आला तर?" मी विचारलं.

"येत न्हाई. मी सांगितलंय त्याला."

त्या हलल्या नाहीत. पाणी सुद्धा मी चमच्यानं पाजलं. गल्लीत लोक विजेच्या नावानं बोलत होते, कुणीतरी जनरेटर लावला होता. घरात नुसता मादीचा आवाज. मी खाटेशी खाली बसले होते. बऱ्याच वेळानं अत्ती छताकडे बघत म्हणाल्या, "त्यो असाच हुता."

मी खाटेच्या जवळ सरकले.

"सातव्या म्हैन्यात झाला. येवढासा. माझी अव्वा म्हणाली, ह्याला खाली ठेवायचा न्हाई. मग कापसात गुंडाळून हितं ठेवला पोटावर. थंडीच हुती. मला सांगितलं, हलू नको, कुशीवर हू नको." त्यांचे हात गोधडीवर तसेच होते. "सगळी म्हणायची, ऱ्हात न्हाई. ऱ्हायला की. पन्नाशी वलांडली त्यानं."

एवढी वर्षं मी त्या घरात आहे, मला हे माहीत नव्हतं. ह्यांना माहीत होतं का, तेही मला माहीत नाही. मी अत्तींच्या पायावर हात ठेवला. आमच्यात असा स्पर्श कधी नसतो. पाया पडते तेव्हा तेवढाच. त्यांनी पाय ओढून घेतला नाही.

दिवेलागणीला वीज आली. तरी डबा पुन्हा तापेपर्यंत त्या तशाच पडून होत्या. मी अंडी उचलली तेव्हा ती माझ्या हातापेक्षा ऊन होती. अत्तींना उठवायला मला आणि अक्काला दोघींना हात लावावा लागला. कंबर धरली होती. अक्का म्हणाली, "आत्याबाई, आमच्यातली कोंबडीसुदिक मधनं उठून फिरून येती."

"तुमची कोंबडी तरणी असंल," अत्ती म्हणाल्या.

मग पुढचे दिवस फार जड गेले. जीव आहे की गेला, कळायला मार्ग नव्हता. शेवटी शेवटी अंडी उलटायची नसतात, नुसती ठेवायची. मी ओलं फडकं आत ठेवलं आणि झाकण बंद केलं. हिशेबाचा दिवस आला. काही झालं नाही. अत्तींनी दुपारचं ताट तसंच परत दिलं. दुसरा दिवस गेला. मी परसात जाऊन कुदळ कुठे आहे ते बघून ठेवली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा टाकत होते. आतून अत्तींची हाक आली. मोठ्यानं नाही. "अगं ये. कोण बोलतंय बघ."

मी हात न पुसता गेले. त्यांनी काचेला कान लावला होता. मी लावला. आतून आवाज येत होता, अगदी बारीक, लांबून मारलेल्या शिट्टीसारखा. एका अंड्यावर भस्माच्या रेघेशेजारी तडा गेला होता, आणि त्या तड्यातून काहीतरी आत बाहेर होत होतं. अक्कानं बजावलं होतं, काही झालं तरी हात लावायचा नाही, फोडायला मदत करायची नाही. आम्ही दोघींनी हात मागे धरले आणि बघत राहिलो. अत्तींची पूजा त्या दिवशी उशिरा झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दुपारपर्यंत एक पिल्लू बाहेर आलं. ओलं, काळपट, भुंग्याएवढं. पाठीवर पिवळ्या रेघा. ते पडलं, उठलं, पडलं. मग दुसऱ्या अंड्याचं टोपण टोपीसारखं उघडलं आणि त्यातून दुसरं आलं. तिसऱ्याला तडा गेला, पण आतला आवाज संध्याकाळी बंद झाला. बाकी तिघांत काहीच नव्हतं. दोन आली. मी अक्काला सांगायला गेले. कुंपणावरून नाही, दारातून. तिच्या घराच्या उंबऱ्याच्या आत मी पहिल्यांदा गेले आणि "दोन" एवढंच म्हणाले. तिनं माझ्या हातात गुळाचा खडा ठेवला.

दुसऱ्या दिवशी पिल्लं सुकली, फुलली. बाटलीच्या टोपणात पाणी ठेवलं, त्यात गोट्या घातल्या, नाहीतर एवढुशी पिल्लं टोपणात सुद्धा बुडतात. चोच बुडवून दाखवावी लागते, मग ती शिकतात. मोठं पिल्लू लगेच शिकलं. धाकटं डोळे मिटून एका जागी उभं होतं. अत्ती म्हणाल्या, "त्येला मला दे."

मी ते त्यांच्या ओंजळीत ठेवलं. त्यांनी करंगळी पाण्यात बुडवली आणि थेंब त्याच्या चोचीला लावला. पुन्हा लावला. पिल्लानं मान वर केली, चोच हलवली, गिळलं. अत्तींनी आणखी एक थेंब दिला. मी नुसती बघत उभी होते.

"तू काय खाल्लंस सकाळपासनं?" त्यांनी न बघता विचारलं.

"तुमचं झालं की घेते." आमच्या घरात तसंच आहे. त्या जेवल्याशिवाय मी कधी जेवले नाही.

"आदी तू जा. उप्पीट कर, पोटभर खा. माझ्यापुरतं झाकून ठेव, ह्येनं चार थेंब घेतलं की मी खाते." पिल्लू त्यांच्या ओंजळीत खाली बसलं होतं. "जा की. मी हाय हितं."

मी स्वयंपाकघरात गेले आणि रवा भाजायला घेतला.